गोरा रंग, सिक्स पॅक आणि भाकर थापणारा नवरा : वाचकांचे प्रश्न

लग्नाची बोलणी, पोलीस भरती, अकरावीचा वर्ग, बचत गटाची बैठक. या महिन्यातली पत्रं वेगवेगळ्या ठिकाणांहून आली, पण त्रासाचं मूळ एकच दिसतं. पडद्यावरचं शरीर आणि पडद्यावरचा संसार घरच्यांनी माप म्हणून हातात घेतला आणि आपल्याच माणसांना त्यानं मोजायला सुरुवात केली. उत्तरं त्वचारोग, आहार आणि माध्यम-शिक्षण या विषयांत काम करणाऱ्यांनी मिळून लिहिली आहेत. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : मुलगी १९ वर्षांची आहे. स्थळं पाहणं सुरू केलं, तर दोन ठिकाणांहून ‘पोरगी सावळी आहे’ असा निरोप आला. बाजाराच्या गावातल्या पार्लरवालीनं एक बिनलेबलची डबी दिली. आठ दिवसांत चेहरा उजळला, म्हणून तीन महिने लावली. आता उन्हात गेली की चेहरा जळजळतो, लाल होतो, गालावर लव आली आहे. बंद केली की आणखी वाईट होतं. तीच क्रीम मीही लावत होते. काय करू?
— एक आई, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

ताई, ती डबी आजपासून बंद. तुमचीही. पण फेकू नका, आणि चुलीत तर अजिबात टाकू नका. त्याचं कारण पुढे सांगतो.

आठ दिवसांत रंग उजळवणाऱ्या अशा डबीत बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट असते, कधी कधी दोन्ही असतात. पहिली म्हणजे स्टेरॉईड : बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन. ही इसब, सोरायसिस अशा आजारांवर डॉक्टरांच्या सांगण्यावरून मोजके दिवस लावायची औषधं आहेत. ती कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसवतात आणि रंगद्रव्य कमी करतात, म्हणून चेहरा पांढुरका दिसतो. मात्र कातडीही पातळ होत जाते. मग गालावर लाल शिरा दिसतात, मुरूम उठतात, लव वाढते, ऊन सोसत नाही. गजकर्ण असेल तर वरून दबतं आणि आतून पसरतं. क्रीम थांबवली की आकसलेल्या रक्तवाहिन्या एकदम फुलतात आणि चेहऱ्याची आग होते. तुमच्या पत्रातली लक्षणं याच्याशी जुळतात. बंद केल्यावर त्रास वाढतो याचा अर्थ कातडीला स्टेरॉईडची सवय लागली आहे. तो वाढलेला त्रास पाहून पुन्हा डबी उघडली जाते, आणि इथेच बहुतेक मुली अडकतात.

दुसरी गोष्ट पारा. कातडीत रंग तयार करणारी प्रक्रिया पारा रोखतो, म्हणून रंग उतरतो. पण तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडं बिघडवतो. ही दूरची गोष्ट नाही. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं अशा क्रीममुळे बिघडल्याचं २०२३ मध्ये उघड झालं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा त्या क्रीममध्ये भरमसाट पारा निघाला. भारतात सौंदर्यप्रसाधनात नकळत आलेला पारासुद्धा दहा लाख भागांत १ भागापेक्षा जास्त चालत नाही (डोळ्यांभोवती लावायच्या वस्तूंसाठी मर्यादा वेगळी आहे). डबीवर किंवा चिठ्ठीवर ‘कॅलोमेल’, ‘मर्क्युरस क्लोराईड’ असं लिहिलेलं असेल, किंवा सोन्याचांदीच्या दागिन्याला लागू देऊ नका अशी सूचना असेल, तर पारा आहे असंच धरा. लेबल नसेल तर संशय दुप्पट.

आता क्रमानं करायचं ते असं. डबी घट्ट बंद करून प्लास्टिकच्या पिशवीत आणि ती पिशवी काचेच्या बरणीत ठेवा. पारा हवेत उडतो, जाळला तर त्याची वाफ घरातल्या सगळ्यांच्या छातीत जाते. ही बरणी डॉक्टरांना दाखवायची आहे. चेहरा पुसायचे टॉवेल आणि उशांचे अभ्रे वेगळे धुवा. घरात लहान लेकरू असेल तर तुमच्या हाताचा, गालाचा पारा त्यालाही लागलेला असू शकतो.

या आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन दोघींची लघवी तपासा आणि रक्तदाब पाहून घ्या. लघवीत प्रथिनं जातात का हे पट्टीनं काही मिनिटांत कळतं. लघवीला फार फेस येतो का, सकाळी डोळ्यांभोवती किंवा पायावर सूज असते का, हात थरथरतात का, झोप उडाली आहे का, हे स्वतःहून सांगा, आणि ‘गोरं व्हायची क्रीम लावत होतो’ हे आधी सांगा. लाजेनं तेवढंच वाक्य गाळलं तर डॉक्टर भलत्याच कारणाच्या मागे लागतात. गरज वाटली तर क्रिएटिनिनची (मूत्रपिंडं नीट चालतात का ते सांगणारी) रक्ततपासणी ग्रामीण रुग्णालयात होते. त्वचेसाठी यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा सेवाग्रामच्या त्वचा विभागात जा. तिथे आग कमी करणारं दुसरं औषध देऊन चेहरा हळूहळू मूळ स्थितीवर आणतात. काही आठवडे ते काही महिने लागतात, हे मुलीला आधीच सांगून ठेवा. नाहीतर दहाव्या दिवशी ती आरशात पाहून खचेल.

तोपर्यंत साधं पाणी, दिवसातून एकदा सौम्य साबण, वरून पांढरी पेट्रोलियम जेली. आग झाली तर गार पाण्यात भिजवलेलं सुती कापड दहा मिनिटं ठेवा. लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट, बेसन-हळदीचं रगडणं सगळं बंद, कारण पातळ झालेल्या कातडीला त्यानं जखमा होतात. वावरात जाताना आपल्याकडे बायका बांधतात तसा सुती दुपट्टा चेहऱ्याला बांधला की उन्हाचं काम बरंचसं भागतं.

आणि रंगाचं. मुलीच्या दंडाची आतली बाजू पाहा, जिथे ऊन लागत नाही. तो तिचा जन्माचा रंग. उन्हानं काळवंडलेला चेहरा त्या रंगापर्यंत परत येऊ शकतो. त्याच्याही पलीकडे नेते असं म्हणणारी वस्तू एकतर खोटं बोलते किंवा विष घालते.

देशातली सगळ्यात गाजलेली गोरेपणाची क्रीम १९७५ मध्ये बाजारात आली आणि २०२० मध्ये तिच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द निघाला. काळ्या-सावळ्या माणसाला दुःखी, कमनशिबी, लग्नाच्या बाजारात मागे पडलेलं दाखवू नये असा नियम जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेनं २०१४ मध्येच केला होता. तरी चेहरे फारसे बदलले नाहीत. २०१९ च्या भारतीय जाहिरातींचा युनिसेफ आणि गीना डेव्हिस इन्स्टिट्यूटनं अभ्यास केला. त्यात ६६.९ टक्के बायका उजळ किंवा मध्यम उजळ रंगाच्या होत्या, पुरुषांत हे प्रमाण ५२.१ टक्के. बाईनं गोरं असायचं, माणसाचं चालून जातं, ही आपल्याकडची जुनी चाल जाहिरातीनं उचलली आणि दुप्पट आवाजात परत ऐकवली.

म्हणून बायोडाट्यातला ‘रंग’ हा रकाना खोडा. एका मोठ्या विवाह संकेतस्थळानं २०२० मध्ये रंगावरून स्थळ शोधायची सोय काढून टाकली, मग आपल्या एका पानावर तो कशाला हवा? फोटो सकाळच्या उजेडात अंगणात काढा, फिल्टरशिवाय. आणि घरात ‘रंग दबला आहे’ हे वाक्य बंद करा. जाहिरात तीस सेकंदांची असते. तेच वाक्य आत्या, मावश्या, शेजारणी वर्षभर म्हणत राहतात, आणि पोरीच्या मनात रुततं ते त्यांचं.

प्रश्न : वय २०, वजन ६० किलो. पोलीस भरतीची तयारी करतो. रीलमधल्या पोरांसारखी बॉडी सहा महिन्यांत बनवून देतो म्हणून जिमवाल्यानं पावडर, वजन वाढवायच्या गोळ्या आणि ‘एक कोर्स’ सुचवला आहे. तो सोयाबीन खाऊ नको म्हणतो, त्यानं माणूस बायकी होतो. खरं आहे का?
— मेहकर तालुका, जि. बुलडाणा

भाऊ, आधी भरतीचं पाहू. शिपाई भरतीत मुलांना उंची १६५ सेंटिमीटर लागते, छाती न फुगवता ७९ आणि फुगवून ५ सेंटिमीटर जास्त. मैदानी चाचणीचे ५० गुण : १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. पोटावरच्या सहा चौकटींना गुण नाहीत. त्या दिसाव्यात म्हणून अंगातली चरबी फार खाली आणली तर १६०० मीटरला शेवटच्या फेरीत दम संपतो.

रीलमधलं अंग कसं तयार होतं तेही जाणून घे. चित्रीकरणाआधी एक-दोन दिवस पाणी आणि मीठ तोडतात, म्हणजे कातडी स्नायूला चिकटते. कॅमेरा सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी डिप्स मारून स्नायूत रक्त भरतात, अंगाला तेल लावतात, दिवा वरून किंवा बाजूनं ठेवतात म्हणजे प्रत्येक खाचेत सावली पडते. तोच पोरगा दुसऱ्या दिवशी जेवून उठल्यावर ओळखू येत नाही. तुझी तुलना त्या दहा मिनिटांशी चालली आहे.

वजन वाढवायच्या सुट्या गोळ्यांत बऱ्याचदा डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड असतं, जोडीला भूक वाढवणारं सायप्रोहेप्टाडीन. महिन्यात चेहरा गोल होतो, वजन वाढतं. वाढलेलं ते पाणी आणि चरबी असते, स्नायू नाही. रक्तदाब आणि साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. काही आठवडे घेत असशील तर मनानं एकदम बंद करू नकोस, कारण तेवढ्या दिवसांत शरीर स्वतःचं स्टेरॉईड बनवणं थांबवतं आणि अचानक तुटलं तर चक्कर, उलट्या, रक्तदाब कोसळणं असा जिवावरचा प्रसंग येतो. डॉक्टर मात्रा उतरवत नेतात.

‘कोर्स’ म्हणजे टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन), नँड्रोलोनची इंजेक्शनं किंवा स्टॅनोझोलोलच्या गोळ्या. बाहेरून हार्मोन आलं की शरीर आपलं बनवणं बंद करतं. अंडकोष आकसतात, शुक्राणू घटतात, छातीवर बायकांसारखी गाठ येते, यकृत आणि हृदयावर ताण पडतो. वाढीच्या वयातल्या पोरानं घेतलं तर हाडांची टोकं लवकर जुळतात आणि उंची तिथेच थांबते. एकच सुई दोघांनी वापरली तर एचआयव्ही आणि कावीळ ब. मर्दासारखं दिसायला निघालेला पोरगा नेमका तिथेच मार खातो, आणि लाजेपायी कुणाला सांगत नाही. जिल्हा रुग्णालयात सांग. हे डॉक्टरांना नवीन नाही.

सोयाबीनचं म्हणणं खोटं आहे. त्यात इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनसारखं वनस्पतींमधलं द्रव्य असतं, त्यावरून ही गोष्ट पसरली. पण रोजच्या खाण्यातल्या सोयाबीननं पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन कमी होत नाही, असं अनेक चाचण्या एकत्र तपासून दिसलं आहे. ज्या जिल्ह्याच्या वावरावावरात सोयाबीन पिकतं तिथल्या पोरानं ते पोत्यात भरून विकायचं आणि महागाचा डबा आणायचा, हे आम्हाला फार लागतं. फक्त कच्चं किंवा अर्धवट भाजलेलं खाऊ नकोस. त्यात प्रथिनांचं पचन अडवणारं द्रव्य असतं, म्हणून पोट फुगतं आणि प्रथिनं वाया जातात. रात्रभर भिजव, पाणी फेकून दे, कुकरमध्ये वीस-पंचवीस मिनिटं मऊ होईस्तोवर शिजव.

कसून व्यायाम करणाऱ्याला दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात, म्हणजे तुला ७२ ते ९६ ग्रॅम. हिशोब कोरड्या वजनावर कर : सोयाबीन ५० ग्रॅम (१८), तूर किंवा चण्याची डाळ ८० ग्रॅम (१७), ज्वारी-गव्हाचं पीठ ३०० ग्रॅम (३०), शेंगदाणे ४० ग्रॅम (१०), दोन अंडी (१२), दूध ३०० मिली (१०). झाले ९७. अंडी खात नसशील तर डाळ आणि फुटाणे वाढव. याउपर पावडर घ्यायचीच असेल तर पक्कं बिल, न फुटलेलं सील आणि अन्न सुरक्षा परवान्याचा १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक पाहून घे. सुटी, कागदात बांधलेली पावडर घेऊ नकोस.

प्रश्न : सेल्फीत माझं नाक फार मोठं दिसतं. आरशात तेवढं वाटत नाही. नाकाला चिमटा लावून बारीक होतं का?
— बी.ए.ची विद्यार्थिनी, चिमूर तालुका, जि. चंद्रपूर

नाही होत. नाकाच्या आकाराला हाड आणि कूर्चा कारण आहेत, चिमट्यानं फक्त कातडी दुखते.

दोष अंतराचा आहे. हातभरावरून फोटो काढला की कॅमेऱ्याजवळचं नाक मोठं आणि मागचे कान लहान येतात. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये गणित मांडलं : दीड मीटरच्या तुलनेत ३० सेंटिमीटरवरून काढलेल्या फोटोत नाक जवळजवळ ३० टक्के रुंद दिसतं. फोन भिंतीला टेकवून दीड मीटरवर ठेव, मागचा कॅमेरा वापर, टायमर लाव, दुप्पट झूम कर. शिवाय पुष्कळ फोनमध्ये ‘ब्युटी’ नावाची सोय आधीपासून चालू असते. ती कातडी गुळगुळीत करते, जबडा अरुंद करते, डोळे मोठे करते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ती शून्यावर आण. आठवडाभर तसेच फोटो पाहिलेस की तुझाच चेहरा परका वाटणं कमी होईल.

प्रश्न : मी अकरावीत आहे. ‘२१ दिवसांत पोट सपाट’ असे व्हिडिओ पाहून दोन महिन्यांपासून रात्रीचं जेवण बंद केलं. वजन ४८ वरून ४२ झालं. छान वाटलं, पण आता परेडला उभी राहिली की डोळ्यांसमोर अंधारी येते, केस गळतात, मागची पाळी आली नाही. मायला सांगितलं नाही.
— आर्वी तालुका, जि. वर्धा

बाई, तुझं शरीर अन्न मागतं आहे. पुरेसं मिळालं नाही की ते आधी पाळी थांबवतं, केस सोडून देतं आणि आहे तेवढं हृदय आणि मेंदूसाठी राखून ठेवतं. याला आळस किंवा अशक्त मन म्हणू नकोस.

आज रात्रीपासून जेव. तुझ्या वयाच्या मुलीला दिवसाला साधारण २५०० किलोकॅलरी लागतात. दोन ज्वारीच्या भाकरी, वाटीभर वरण आणि भाजी हे रात्रीचं जेवण म्हणजे त्याचा चौथा हिस्सासुद्धा नाही. त्यात जवसाची किंवा तिळाची चटणी असू दे. एकदम जड वाटलं तर पहिले दोन-तीन दिवस अर्धं जेवण आठ वाजता आणि उरलेलं झोपायच्या आधी.

या आठवड्यात हिमोग्लोबिन तपासून घे. १२ पेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींमध्ये तो आढळला, म्हणजे ज्या वर्गात तू बसतेस तिथे बारीक होण्याआधी रक्त वाढवायची गरज असलेल्या मुलीच जास्त असतील. शाळा-कॉलेजात आठवड्याला मिळणारी निळी गोळी (६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड) फेकू नकोस. जेवणानंतर घे, आधी-नंतर तासभर चहा नको, कारण चहा लोह शोषू देत नाही. लिंबू किंवा आवळा सोबत असला तर चांगलं. शौचाला काळी होते, घाबरायचं नाही. रक्तक्षय निघाला तर आठवड्याची गोळी पुरत नाही, रोजच्या गोळ्या डॉक्टर सांगतील.

वजन कमी की जास्त हे आरशावरून ठरवू नकोस. नेटवर मिळणारा बीएमआयचा (उंचीच्या मानानं वजन) १८.५ चा आकडा मोठ्या माणसांचा आहे, तुझ्या वयाला वयानुसारचा तक्ता लागतो. तो उपजिल्हा रुग्णालयातल्या ‘मैत्री’ क्लिनिकमध्ये पाहतात. हे किशोरवयीनांसाठीच असतं. पाळी तीन महिने आली नाही, कधी घशात बोट घालून ओकारी काढलीस, चक्कर येऊन पडलीस, किंवा खायचा विचार आला तरी रडू येत असेल, तर थांबू नकोस. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा टेलि-मानसचा फुकट क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

असे व्हिडिओ तुझ्यापुढे का येतात तेही पाहा. लाईक न करताही एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिलास की यंत्र तसेच आणखी दहा आणून टाकतं. म्हणून नुसतं पुढे सरकवून भागत नाही. व्हिडिओवर बोट दाबून धर आणि ‘नॉट इंटरेस्टेड’ कर, त्या खात्यांना अनफॉलो कर, इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये सुचवण्या पुसून नव्यानं सुरू करायची सोय आहे ती वापर. त्यानंतरचे काही दिवस शोधून शोधून दुसरंच पाहा : कबड्डी, शिवण, गणित, काहीही. आणि मायला सांग. जेवण बंद झालेलं तिच्या लक्षात आलंच असेल, का बंद झालं तेवढंच तिला कळत नसेल.

प्रश्न : गटात वाद झाला. एकीचं म्हणणं, मालिकांनी बायका बिघडल्या. दुसरीचं म्हणणं, टीव्ही आला म्हणून बाहेरचं जग कळलं. मालिकेत नवरा भाकर थापताना दाखवला की आमच्याकडची माणसं खो खो हसतात. कोण बरोबर?
— बचत गटाची सदस्य, दर्यापूर तालुका, जि. अमरावती

दोघीही, आपापल्या जागी.

फिजी बेटांवरच्या नाड्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. तिथे अंगानं भरलेली बाई चांगली समजली जायची. तीन वर्षांनी संशोधक ॲन बेकर यांनी शाळकरी मुलींना विचारलं, तेव्हा ११.३ टक्के मुली वजन कमी करायला उलटी काढत होत्या. १९९५ मध्ये एकही नव्हती. ही झाली पहिलीची बाजू. दुसरीची बाजू आपल्याच देशातली आहे. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थतज्ज्ञांनी २००१ ते २००३ या काळात पाच राज्यांमधली गावं पाहिली. जिथे केबल आली तिथे ‘नवऱ्यानं मारलं तर चालतं’ म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला, बाईला घराबाहेर जायची आणि निर्णयाची मोकळीक वाढली. मालिकेतली शहरातली बाई नोकरी करते, एकटी बाजारात जाते, हे रोज दिसलं की आपल्यालाही जमेल असं वाटतं. एकाच पेटीतून दोन्ही येतं. शरीराच्या बाबतीत टीव्ही बहुतेक वेळा वाईट शिकवतो, वागण्याच्या बाबतीत कधी कधी चांगलं.

हसणाऱ्या माणसांना एक आकडा सांगा. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८. मालिकेतला भाकरी थापणारा नवरा विनोदी वाटतो, कारण तो तिथेही विनोद म्हणूनच आणलेला असतो : पीठ नाकाला लागलेलं, भाकर वाकडी, मागे गमतीचं संगीत. बाईनं भाकर थापली तर संगीत वाजत नाही.

आम्हाला मात्र स्वयंपाकघरापेक्षा वावराचं चित्र जास्त खटकतं. बियाण्याच्या, खताच्या, ट्रॅक्टरच्या फलकांवर फेट्यातला माणूस उभा असतो, बाई असली तर डोक्यावर शिदोरी घेऊन धुऱ्यावरून येताना. निंदण, खुरपण, कापसाची वेचणी कोण करतं हे दर्यापुरात सांगायला नको. पण ‘शेतकरी’ म्हटलं की माणूसच डोळ्यांपुढे येतो, आणि सातबाऱ्यावरही त्याचंच नाव लागतं. नाव नाही म्हणून पीककर्ज नाही, अनुदान नाही. हे चित्र कागदावर बदलता येतं. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेनंतर राज्य सरकारनं १९९२ मध्ये आदेश काढला. नवऱ्यानं स्वतः अर्ज केला की त्याच्या जमिनीवर बायकोचं नाव सोबत लागतं. अर्ज तलाठ्याकडे करा. दोघांचं आधार, चालू सातबारा आणि लग्नाचा किंवा नात्याचा पुरावा जोडा, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. गटातल्या पाच-सहा जणींनी एकाच दिवशी अर्ज दिले तर काम लवकर सरकतं.

प्रश्न : जिल्हा परिषद शाळेत आठवीला शिकवतो. हा विषय भाषण न देता कसा घ्यावा?
— आरमोरी तालुका, जि. गडचिरोली

सर, मोजायला लावा. दोन तासिका पुरतात. जुनी वर्तमानपत्रं आणि मासिकं आणा, पाच-पाच मुलांचे गट करा, प्रत्येक गटाला दहा जाहिराती. कागदावर चार रकाने : कोण दिसतं, काय करतं, कोण बोलतं किंवा सांगतं, वस्तू कुणी विकत घ्यावी असं वाटतं. घरून एक संध्याकाळ टीव्हीच्या जाहिरातींची अशीच नोंद आणायला सांगा. वाहिनीला तासाला बारा मिनिटांपर्यंत जाहिराती दाखवता येतात, म्हणजे अर्ध्या तासात पुरेसा माल मिळतो. दुसऱ्या तासिकेला फळ्यावर बेरीज करा. बेरीज होईपर्यंत तुमचं मत सांगू नका, नाहीतर मुलं तुम्हाला हवं तेच लिहितात.

मग बालभारतीचं २०१९ मध्ये आलेलं दुसरीचं पुस्तक दाखवा. त्यात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडताना आहेत. आधीच्या पुस्तकांशी ताडून पाहू द्या. एक जपा : वर्गातल्या कुणाचं वजन, रंग, उंची उदाहरणाला घेऊ नका, कौतुकानंही नाही. आणि मुलग्यांचा प्रश्न विसरू नका. ‘रडणारा माणूस जाहिरातीत कधी दिसला?’ हे विचारलं की मागच्या बाकावरचेही बोलायला लागतात.

प्रश्न : वर्तमानपत्रातल्या पत्रकात ‘उंची वाढवा, स्तन सुडौल करा, लठ्ठपणा मुळापासून’ अशी औषधं येतात. पोरी पैसे साठवून मागवतात. तक्रार कुठे करायची?
— आशा सेविका, मंगरूळपीर तालुका, जि. वाशिम

ताई, तुम्ही लिहिलेल्या तिन्ही गोष्टी १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या यादीत आहेत. त्यांवर औषधाचा दावा करणारी जाहिरात करणं हाच गुन्हा आहे. औषध खरं की खोटं, हा प्रश्न नंतरचा. तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी द्या किंवा १८००-२२२-३६५ वर फोन करा.

टीव्ही, वर्तमानपत्र किंवा इन्स्टाग्रामवरच्या मोठ्या कंपनीची जाहिरात असेल, रंगावरून किंवा बाई-माणूस म्हणून कमीपणा दाखवणारी असेल, तर जाहिरात मानक परिषदेला ७७१०० १२३४५ या क्रमांकावर वॉट्सॲप करा. मुली-बायकांना साचेबद्ध दाखवण्याबद्दल तिचे वेगळे नियम २०२२ पासून आहेत. ही सरकारी संस्था नाही. ती जाहिरात मागे घ्यायला किंवा बदलायला सांगते. पैसे गेले असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी कंपनीला आणि जाहिरात करणाऱ्या नटनट्यांनाही १० लाखांपर्यंत दंड २०१९ च्या ग्राहक कायद्यात आहे.

तक्रारीत तारीख, वेळ, वाहिनी किंवा वर्तमानपत्राची आवृत्ती, औषधाचं नाव आणि दाव्याचे शब्द जसेच्या तसे लिहा. मागवलेलं औषध उघडलं असेल तरी खोका, बिल आणि पैसे पाठवल्याचा मेसेज ठेवा. पत्रकाचा फोटो पाठवला तरी मूळ कागद स्वतःकडे जपा. खालच्या बारीक अक्षरातला पत्ता आणि परवाना क्रमांक फोटोत वाचता येत नाही, आणि तपास तिथूनच सुरू होतो.